नाल आणली, आता घोडा

डीव्हीडीची जुनी चकती आणि तिच्यानंतर आलेली ब्लू-रेची नवी चकती शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हींचा व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, मधलं भोक १५ मिलिमीटरचं. दोन्ही चकाकतात आणि दोन्हींत आपलं नाक सारखंच फेंदारलेलं दिसतं. व्हीएचएस कॅसेट आणि डीव्हीडी यांतला फरक डोळे मिटून हाताला कळायचा. डीव्हीडी आणि ब्लू-रे यांतला फरक सांगायला मात्र डबीचा रंग बघावा लागतो. बरं, निळी डबी म्हणून चकती वाचणारा लेसर किरण तरी निळा असावा? तोही ४०५ नॅनोमीटरचा, म्हणजे चांगला जांभळा आहे. नावातल्या इंग्रजी 'ब्लू'चं शेवटचं अक्षर गाळलंय, ते ट्रेडमार्क मिळावा म्हणून. रंग उसना आणि स्पेलिंग अर्धं, अशा थाटात हे पाहुणे घरी येतात आणि वर्षानुवर्षं उंबऱ्यातच उभे राहतात.

डीव्हीडीचं तसं झालं नाही. १९९६ च्या नोव्हेंबरात ती जपानमध्ये विक्रीला आली आणि बघता बघता घरची झाली. कारण तिने लोकांच्या खऱ्या कटकटी मिटवल्या. टेप मागे गुंडाळणं संपलं, ऐन मारामारीत कॅसेट अडकून फीत बाहेर येणं संपलं, हवा तो प्रसंग एका बटणावर आला. आणि पिवळी-लाल-पांढरी वायर खोचली की जुन्याच टीव्हीवर सगळं चालू.

ब्लू-रेने काय दिलं? ठिपके. पाल (PAL) या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. ब्लू-रेत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोब्बर पाचपट. २०१६ साली अल्ट्रा एचडी ब्लू-रे आली, ती वीसपट. हिशेब चोख आहे. अडचण एवढीच, की कॅसेट मागे गुंडाळायला लागते म्हणून घरोघरी आरडाओरडा व्हायचा, तसा 'चित्रात ठिपके फार कमी आहेत हो' असा टाहो कुणी कधी फोडला नव्हता.

त्यात नव्या पाहुण्यांच्या दारातच हाणामाऱ्या. २००६ च्या मार्चमध्ये तोशिबाची एचडी डीव्हीडी बाजारात आली आणि जूनमध्ये ब्लू-रेचे पहिले प्लेअर. दोघांचा लेसर तोच जांभळा, पण एकाची चकती दुसऱ्याला चालायची नाही. एचडी डीव्हीडीने माहितीचा थर डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर खोल ठेवला, त्यामुळे जुन्या कारखान्यांत थोडे फेरफार करून ती काढता यायची, पण एका थरात १५ जीबी मावायचं. ब्लू-रेने तोच थर ०.१ मिलिमीटरवर आणला आणि २५ जीबी बसवलं, पण यंत्रं नवी लागली. २००८ च्या जानेवारीत वॉर्नर या सिनेमा कंपनीने ब्लू-रेच्या बाजूने कौल दिला आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. हौसेने आधी एचडी डीव्हीडी घेतलेल्यांच्या घरात महागडा दाराचा टेकू तयार झाला. एरवी म्हणतात थांबला तो संपला. इथे थांबला तोच वाचला. हा धडा गिऱ्हाईक अजून विसरलेलं नाही, आणि त्याने विसरू नये असंच माझं मत आहे.

जिंकलेल्या पक्षात घाईने गेलेल्यांची गतही फार वेगळी नव्हती. ब्लू-रेचे पहिले प्लेअर 'प्रोफाइल १.०' चे, म्हणजे प्लेअरला काय काय जमलं पाहिजे याच्या पहिल्या इयत्तेचे. मग १.१ आलं, त्याला किमान २५६ एमबी साठवण आणि चित्रात चित्र दाखवायची सोय हवी. मग २.०, त्याला १ जीबी आणि नेटची जोडणी. ब्लू-रे वाचणारं प्लेस्टेशन ३ हे गेमयंत्र नुसत्या सॉफ्टवेअरने वरच्या इयत्तेत गेलं; बऱ्याचशा सुट्या प्लेअरांना तेवढी स्मृतीच नव्हती, ते पहिलीतच राहिले.

आता समजा, हे सगळं माहीत असूनही तुम्ही अल्ट्रा एचडीचा प्लेअर घरी आणलात. नाल सापडली म्हणून घोडा घेण्याची गोष्ट इथून सुरू होते. टीव्ही ४के, म्हणजे २१६० रेषांचा हवा, हे तर झालंच. पण त्याच्या पाठीवरच्या एचडीएमआय पोर्टपैकी एचडीसीपी २.२ हे नक्कल रोखणारं कुलूप मानणारे कोणते, हे पुस्तिकेत बघायचं, कारण जुन्या ४के टीव्हीत चारांपैकी एखादंच तसं असतं. ते सापडलं की टीव्हीच्या मेनूत जाऊन त्या एका पोर्टापुरतं पूर्ण बँडविड्थचं, म्हणजे सगळी माहिती आत येऊ देणारं सेटिंग चालू करायचं. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय आणि बरेचदा ते मुळात बंदच असतं. बंद राहिलं तर काय होतं? काहीच होत नाही, हीच खरी पंचाईत. प्लेअर मुकाट्याने १०८०वर उतरतो किंवा एचडीआर (उजेड-अंधारातला फरक वाढवणारी सोय) सोडून देतो, चित्र छान येतं, आणि माणूस महिनोन्‌महिने वीसपट ठिपक्यांच्या समाधानात पाचपट ठिपके बघत बसतो. म्हणून रिमोटवरचं माहितीचं बटण दाबून पडद्यावर २१६० आणि एचडीआर हे दोन्ही शब्द येतात का, ते एकदा वाचाच.

वायरही तोलामोलाची लागते, सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारी. दीड-दोन मीटरपर्यंत सहसा कुरबुर नसते. साधी तांब्याची वायर पाच मीटरच्या पुढे गेली की चित्रात पांढरे कण चमकायला लागतात, किंवा दर दोन मिनिटांनी पडदा क्षणभर काळा होतो. मग लांब अंतरासाठी ऑप्टिकल वायर येते. तिला दिशा असते. प्लेअरकडचं टोक आणि टीव्हीकडचं टोक वेगळं. उलटी खोचली की चित्र नाही, आवाज नाही, आणि दोष मात्र प्लेअरला.

झालं सगळं? चकती घाला. 'ही चकती चालवता येत नाही.' नव्या चकत्यांवर कुलपं नवी येतात आणि प्लेअरकडे किल्ल्या जुन्या असतात, म्हणून त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बदलावं लागतं. नेट असेल तर बरं. नसेल तर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, त्यात कुठल्याही फोल्डरात न ठेवता बाहेरच टाकलेली फाइल, आणि काम चालू असताना वीज जाऊ नये म्हणून प्रार्थना. मध्येच वीज गेली तर प्लेअर कायमचा बंद पडून त्याची वीट होऊ शकते. सिनेमा बघण्यापूर्वी प्रार्थना करायला लावणारं हे बहुधा पहिलंच उपकरण असावं.

त्यानंतर वाट बघणं. ब्लू-रेचा मेनू म्हणजे बरेचदा जावा या संगणकभाषेत लिहिलेला अख्खा प्रोग्रॅम असतो. सुरुवातीच्या प्लेअरांना तो उचलायला मिनिट-दीड मिनिट लागायचं, आताचे पुष्कळ चपळ आहेत. पण प्रोग्रॅम उचलून झाला की इशारे: नक्कल करू नका, अमुक कलम, तमुक शिक्षा, तेही चकती रीतसर विकत घेतलेल्यालाच. पुढे ढकलायचं बटण दाबलं तर पडद्यावर मनाईची खूण उमटते. भीक नको पण कुत्रा आवर. आणि अर्ध्यात दाराची घंटा वाजली तर स्टॉप दाबू नका! जावाचा मेनू असलेल्या बऱ्याच चकत्यांत स्टॉप म्हणजे 'पुनश्च हरिओम', इशाऱ्यांपासून. पॉज दाबा आणि पाहुण्याला लवकर वाटेला लावा, कारण फार वेळ पॉजवर राहिला की प्लेअर स्वतःहून झोपतो.

एवढं करून सोफ्यावर बसलात, की डोळा घात करतो. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा कळतो. ४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर. १०८० रेषा सुट्या दिसायला त्याच्यापासून जास्तीत जास्त १७० सेंटिमीटरवर बसावं लागतं, ४केसाठी ८५वर. सोफा असतो भिंतीला, तीन मीटरवर. तिथून त्या डोळ्याला पडद्यावर सहाशेच्या आसपास रेषा कळतात. डीव्हीडीत किती असतात? ५७६. म्हणजे जुन्या चकतीला कंटाळण्याचं कारण सोफ्यावरून दिसतच नाही! सोफा पुढे ओढा नाहीतर टीव्ही मोठा घ्या. (बटबटीतपणा न येणारे रंग आणि एचडीआरची चमक मात्र लांबूनही जाणवते. माझ्या मते अल्ट्रा एचडीचा खरा माल तोच आहे, ठिपके नुसते पाटीवर. पण त्यासाठी पडद्यात तेवढा उजेड लागतो. स्वस्त टीव्हीवर एचडीआर लावलं की अंधारातला प्रसंग नुसताच अंधार होतो.)

आवाजाचं थोडक्यात सांगतो. चकतीवर ट्रूएचडीसारखा, एक कणही न गाळलेला ध्वनी असतो. तो ॲम्प्लिफायरपर्यंत जायला प्लेअरमधलं 'दुय्यम ऑडिओ' किंवा 'मिक्सिंग' बंद करावं लागतं. प्लेअर टीव्हीला आणि टीव्ही साउंडबारला जोडलेला असेल, तर दोन्हीकडे ईएआरसी (टीव्हीतून आवाज बाहेर नेणाऱ्या एआरसी जोडणीची वाढीव आवृत्ती) हवं; नुसत्या एआरसीतून तो ध्वनी मावत नाही, गाळीव येतो. आणि टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकायचा असेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

चकती मात्र जपा. माहिती पृष्ठभागाच्या अगदी खाली असल्यामुळे वर कडक लेप दिलेला असतो आणि ओरखडे सहजी पडत नाहीत. पण पडले तर डीव्हीडीसारखं घासून गुळगुळीत करता येत नाही, घासायला तिथे पुरेसं प्लॅस्टिकच नाही. तीन थरांच्या १०० जीबीच्या चकत्या तर नुसत्या बोटांच्या ठशांनीही अडतात. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. आडवा चरा माहितीच्या प्रत्येक मार्गिकेला जरासाच छेदतो आणि प्लेअरची चूकदुरुस्ती तेवढं भरून काढते. गोल चरा एकाच मार्गिकेवर लांबच लांब पसरतो, तिथे दुरुस्तीचंही काही चालत नाही.

खुद्द कंपन्यांनाही हे सगळं माहीत असावं. म्हणून तर त्यांनी जोडडबी काढली: एका कप्प्यात ब्लू-रे, समोरच्या कप्प्यात त्याच सिनेमाची डीव्हीडी. पुढेमागे प्लेअर घेऊ तेव्हा उपयोगी पडेल, असं म्हणून लोक ती घेतात. पुढेमागे प्लेअर येतोही. तो डीव्हीडीही वाचतो, ५७६ रेषा ताणून १०८० करून दाखवतो, ती पटकन सुरू करतो आणि स्टॉप दाबल्यावर कुठे थांबलो होतो हे लक्षात ठेवतो. शनिवारी रात्री घाईघाईत डबी उघडली जाते, आणि हात डीव्हीडीकडे जातो.