जत्रा आणि गाव: दूरच्या रेडिओ दीर्घिकांविषयी

दूरच्या रेडिओ दीर्घिकांभोवती (केंद्रातल्या कृष्णविवरामुळे जोरात रेडिओ लहरी सोडणाऱ्या दीर्घिकांभोवती) इतर दीर्घिकांची गर्दी असते, असं सांगणारा माझा लेख इतकं बारकाईनं वाचून आक्षेप घेतलेत, मनापासून आभार. तुमचे मुद्दे दोन. फोटोत शेजारी दिसणाऱ्या दीर्घिका प्रत्यक्षात एकमेकींच्या खूप मागेपुढे असू शकतात. आणि रेडिओ दीर्घिकांभोवतीच शोधून ‘इथे गर्दी आहे’ म्हणणं म्हणजे जत्रेत जाऊन माणसं मोजणं.

पहिला आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर लेखातच यायला हवं होतं. वासुकी तारकासमूहातली ‘स्पायडरवेब’ ही रेडिओ दीर्घिका घ्या. तिचा प्रकाश निघाला साधारण साडेदहा अब्ज वर्षांपूर्वी; तिचा रेडशिफ्ट, म्हणजे प्रकाश किती ताणला गेला याचं माप, २.१६. हायड्रोजनच्या प्रकाशातली लायमन-अल्फा रेषा मुळात १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीची, पण वाटेत विश्व प्रसरण पावल्यानं ती ताणली जाऊन ३८४च्या आसपास येते. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीला साधारण तेवढाच प्रकाश आत सोडणारा अरुंद फिल्टर लावला, की त्या अंतरावरच्या दीर्घिका उठून दिसतात. तेवढ्यावरही कुणी थांबलं नाही. एकेकीचा वर्णपट घेतला, तेव्हा २००० साली १४ दीर्घिका आणि एक क्वेसार (कृष्णविवरामुळे अतितेजस्वी झालेलं दीर्घिकेचं केंद्र) त्याच अंतरावर असल्याचं नक्की झालं. पुढे २०२३मध्ये आल्मा दुर्बिणीला तिथल्या तप्त वायूची सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीवर, म्हणजे विश्वाच्या बालपणापासून सगळीकडून येणाऱ्या मंद प्रकाशावर, पडलेली सावली सापडली. नुसत्या मागेपुढे असलेल्या दीर्घिकांची अशी सावली पडत नाही. मला स्वतःला हाच पुरावा सगळ्यात भक्कम वाटतो.

आता जत्रा. रेडिओची खूण फार लांबून दिसते, म्हणून शोध तिथून सुरू होतो. आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं १५० मेगाहर्ट्झवर केलेलं सर्वेक्षण त्यासाठीही वापरलं जातं. पण तुमची शंका संशोधकांनाही आली होती. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीनं रेडिओत तेजस्वी अशा चारशेहून जास्त दीर्घिका आणि क्वेसारांचा परिसर पाहिला, आणि मग त्याच काळातल्या, तितक्याच वस्तुमानाच्या पण रेडिओत शांत दीर्घिकांशी तुलना केली. म्हणजे तेवढ्याच आकाराची, जत्रा नसलेली गावंही मोजली. गर्दी रेडिओवाल्यांभोवतीच जास्त निघाली.

सगळ्यांभोवती मात्र नाही. शिवाय कृष्णविवराची रेडिओ धग काही कोटी वर्षंच टिकते, त्यामुळे ती विझलेले कितीतरी समूह या पद्धतीतून निसटतात. ही जनगणना नव्हे, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य.

आणखी एक चूक माझीच. दीर्घिकांच्या या गर्दीला मी लेखात सरसकट ‘समूह’ म्हटलं. बहुतेक अजून जमताहेत, गुरुत्वाकर्षणानं पुरते बांधले गेलेले नाहीत. लेखात आज ‘आदिसमूह’ अशी दुरुस्ती करतो.