अलिबागचा किनारा तिथीच्या हिशेबाने चालतो

अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यावर पाऊल ठेवलेला पर्यटक बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो समोर समुद्रात उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येईल का, हा, आणि त्याचे उत्तर तिथीत दडलेले असते. कोकणात हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि तिच्या साधारण सहा तास आधी व नंतर ओहोटी असते. चतुर्थीला दुपारी तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊला वाळू उघडी.

नेमक्या अशाच एका चतुर्थीला, साडेअकराच्या सुमारास, किल्ल्यातल्या गणपतीच्या दर्शनासाठी निघालेले एक कुटुंब मी पाहिले. आजींनी चपला हातात घेतल्या होत्या, नातू पुढे धावत होता आणि पाणी घोट्यापर्यंतच असल्यामुळे कोणालाच काही वावगे वाटत नव्हते. समोरून परतणाऱ्या घोडागाडीवाल्याने गाडी थांबवली आणि म्हणाला, "मावशी, माघारी फिरा, पाणी चढतंय." त्याने दोन फेऱ्यांत सगळ्यांना काठावर आणून सोडले. तो त्या वेळी तिथून जात नसता तर काय झाले असते, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते.

पॅरासेलिंग, बनाना बोट, वाळूवर धावणाऱ्या मोटारी हे सर्व या किनाऱ्यावर आले. त्यावर अनेक स्थानिकांची घरे चालतात, म्हणून माझा त्याला सरसकट विरोध नाही. परंतु ज्या किनाऱ्याचे सगळे वैशिष्ट्यच भरती-ओहोटीत आहे, तिथे येणाऱ्याला आपण समुद्राचे वेळापत्रक सांगत नाही, ही आपली चूक आहे असे मी स्पष्टपणे म्हणेन.

इथे पूर्वी ज्यांनी बांधले त्यांनी आधी जागेचा स्वभाव ओळखला. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतलेल्या या किल्ल्याच्या तटाजवळ जाऊन पाहा. प्रचंड दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले आहेत, लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. कान्होजी आंग्र्यांच्या काळात, 1721 मध्ये, इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी कुलाबा त्यांच्या हाती लागला नाही. आत रघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये उभारलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे आणि चारही बाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे.

किनाऱ्यालगतच्या चुंबकीय वेधशाळेकडे तर बहुतेकांचे लक्षही जात नाही. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे तिथल्या, मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतील नोंदी बिघडणार, हे ओळखून 1904 मध्ये हे काम अलिबागला आणले गेले आणि त्यासाठी चुंबकीय परिणाम न करणारा दगड निवडून इमारत बांधली गेली. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तेव्हापासून इथे होत आहेत.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. किनाऱ्याच्या प्रवेशाशी, वाहने थांबतात तिथेच, रोज बदलता येईल असा मोठा फलक लावावा. त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा मराठीत आणि हिंदीत असाव्यात, घोडागाडी व होडी कधी मिळेल तेही असावे, आणि चतुर्थीसारख्या दिवशी सर्वांत वर, ठळक अक्षरांत लिहिलेले असावे: "किल्ल्यातून पायी परतण्याची शेवटची वेळ सकाळी साडेदहा."