कोळसा हलवायला बारावी पास?

'लायकी असली की नोकरी मिळतेच, उगाच रंग आणि जात मध्ये आणू नका' असं म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही. त्यांना अमेरिकेतला ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर हा खटला वाचायला सांगतो.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं ड्यूक पॉवर कंपनीचं एक वीज केंद्र. कामगार ९५, त्यांत काळे १४. काळ्यांना घ्यायचं ते फक्त मजूर विभागात. तिथला सर्वांत जास्त पगार इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी! बाकी विभागांत, अगदी कोळसा हाताळायलासुद्धा, १९५५ पासून बारावीची अट. मग २ जुलै १९६५ ला नोकरीतल्या वंशभेदाला बंदी घालणारा कायदा लागू झाला आणि त्याच दिवशी कंपनीने वर दोन लेखी चाचण्या आणल्या. नियमात रंगाचा उल्लेख नाही. सगळं कसं स्वच्छ, गुणवत्तेवर!

पण १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात बारावी झालेले गोरे पुरुष ३४ टक्के आणि काळे १२ टक्के. म्हणजे बहुतेक गरीब गोरेही या अटीत बसत नव्हते. फरक एवढाच, की अट येण्याआधी लागलेले गोरे आत होते आणि बारावीशिवाय कामही नीट करत होते, बढत्याही घेत होते. काळ्यांना तर आधी आत येऊच दिलं नव्हतं. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की कंपनीचा हेतू काय होता ते सोडा, अटीचा कामाशी संबंध दाखवा. कंपनीला तो दाखवता आला नाही.

जुनी गोष्ट म्हणाल, तर समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजरचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरात सारख्याच शिक्षणाची, सारख्याच अनुभवाची तरुण मुलं साध्या नोकऱ्यांसाठी पाठवली. तुरुंगात जाऊन आल्याचं सांगणाऱ्या गोऱ्यांना १७ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं. काहीही गुन्हा नसलेल्या काळ्यांना १४ टक्के. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आपल्याकडे वंश नाही, जात आहे, पण अडवण्याची यंत्रणा तशीच आहे. समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी इथल्या कंपन्यांत भरती करणाऱ्यांशी बोलून लिहिलंय, की उमेदवाराची 'फॅमिली बॅकग्राउंड' त्यांना महत्त्वाची वाटते. वडील काय करतात, भावंडं किती शिकली. बीडच्या ऊसतोड कामगाराच्या पोरीने यावर काय सांगायचं? आणि सहा महिने बिनपगारी इंटर्नशिप करायला पुण्यात खोलीभाडं कोण भरणार? तिथे जातीआधी बापाचा खिसाच आडवा येतो, आणि तो खिसा रिकामा का, हे विचारलं की पुन्हा जातीपाशीच येतो आपण.

परवा एका भरतीवाल्या मित्राला म्हटलं, डेटा एंट्रीच्या जाहिरातीतलं 'अस्खलित इंग्रजी' काढून टाक. म्हणाला, "अरे, क्लायंट काय म्हणेल?" त्या जागेवरचा माणूस क्लायंटशी कधी बोलतो, असं विचारलं. तर म्हणे, "बोलत नाही, पण अट असलेली बरी."