‘एकही पिंजरा न बांधता’ वाचलेली कासवं

कासवांचा हंगाम सुरू झाला की दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. वर गजाआडच्या वाघाचा फोटो, खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: प्राणीसंग्रहालय म्हणजे तिकीट लावलेला तुरुंग. पिंजऱ्यात ठेवून आजवर एकही जात वाचलेली नाही. रत्नागिरीतल्या वेळास गावच्या लोकांनी एकही पिंजरा न बांधता कासवं वाचवली. तेव्हा सगळी प्राणीसंग्रहालयं बंद करा, जनावरं सह्याद्रीत सोडून द्या. आणि जाता जाता एक टोमणा: वनखातं जखमी बिबट्या उचलतं ते झूमध्ये मांडायलाच.

यातलं वेळासचं वाक्य आधी घेतो, कारण ते आपल्या घरचं आहे आणि तेच सर्वांत चुकीचं आहे.

वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमारास काम सुरू केलं. त्याआधी ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी माणसं उकरून न्यायची, उरलेली कुत्री आणि कोल्हे फस्त करायचे. यावर उपाय काय निघाला? कासवमित्र पहाटे किनारा चालत जातो, मादीच्या पावलांच्या खुणांवरून घरटं शोधतो, शंभर-सव्वाशे अंडी न उलटता अलगद काढतो आणि हॅचरीत नेतो. तिथे मादीने खणला होता तसाच, तळाशी घागरीसारखा फुगीर खड्डा करून अंडी पुरतात. भोवती जाळीचं कुंपण असतं, दिवसरात्र राखण असते. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर आली की त्यांना पाण्याच्या दिशेने सोडतात. म्हणजे अंडी जागेवरून हलवली, कुंपणात ठेवली, माणसाने राखली, मग मोकळी केली. शास्त्राच्या भाषेत हे मूळ अधिवासाबाहेरचं संवर्धनच, फक्त दोन महिन्यांचं. आणि बघायला लोक येतात, दोरीपलीकडे उभे राहून फोटो काढतात, गावात राहतात, जेवतात, त्याचे चार पैसे गावाला मिळतात. मेसेज लिहिणाऱ्याला ज्या गोष्टींची चीड आहे त्यांतल्या बऱ्याच वेळासच्या किनाऱ्यावर आहेत. तिथे त्या वाईट नाहीत, कारण पिल्लाला समुद्राकडे वाट आहे.

हॅचरीचेही तोटे आहेत. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. चुकीच्या जागी, उघड्या उन्हात केलेली हॅचरी एकाच लिंगाची पिल्लं देऊ शकते. म्हणून जिथे धोका कमी आहे तिथे घरटं जागच्या जागी राखावं, असं जाणकार सांगतात. हे तारतम्य प्राणीसंग्रहालयालाही लागू आहे. मेसेजमध्ये नेमकं तेच नाही.

‘एकही जात वाचलेली नाही’ हे तर उघड खोटं. अरबी ओरिक्स हे हरीण 1972 मध्ये रानातून संपलं. प्राणीसंग्रहालयांत आणि खासगी कळपांत उरलेल्यांपासून ते वाढवलं आणि 1982 मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडलं. कॅलिफोर्निया काँडोर (अमेरिकेतला गिधाडासारखा मोठा पक्षी) 1987 मध्ये सगळेच्या सगळे, म्हणजे फक्त 27, पिंजऱ्यात आणले होते. आज त्यांची संख्या पाचशेच्या वर आहे आणि त्यातले बरेच मोकळ्या आकाशात आहेत. आपल्याकडची सुसर घ्या. ओडिशाच्या नंदनकाननमध्ये 1980 मध्ये बंदिवासात सुसरीची पहिली वीण झाली. त्यासाठी नर आणला होता जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या झूमधून.

पण कोकणाला सर्वांत जवळचं उदाहरण गिधाडांचं. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरातून गिधाडाच्या पोटात जातं, मूत्रपिंडं निकामी होतात आणि पक्षी मरतो. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात 99 टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठी हे औषध वापरायला 2006 मध्ये बंदी आली. रायगडात म्हसळा-श्रीवर्धनच्या उंच झाडांवर थोडी उरली, स्थानिक लोकांनी आणि संस्थांनी ती निगुतीने राखली. तो प्रयत्न खरा आणि मोठा आहे. मग 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ नेमकं त्याच पट्ट्यावर आदळलं आणि माडा-पोफळींसकट मोठमोठी झाडं आडवी केली. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी, मोजक्या झाडांवर वसलेला आणि दुसरीकडे कुठे राखीव साठा नाही, अशी कल्पना करून बघा. तो साठा हरियाणात पिंजोरच्या प्रजनन केंद्रात आहे. तिथून 2024 मध्ये गिधाडं ताडोबा आणि पेंचमध्ये आणून सोडली. सगळी जगली नाहीत, काही दगावली. पण सोडायला गिधाडं होती ती पिंजोरमुळेच.

आता ‘सह्याद्रीत सोडून द्या’. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा रिकामा हिरवा डोंगर असावा. प्रत्यक्षात तिथे प्रत्येक दरीत आधीच कुणाचा तरी इलाखा आहे, खाली वाड्या आहेत, काजूच्या बागा आहेत. माणसाच्या हातून मांस खाऊन वाढलेला बिबट्या शिकार शिकलेला नसतो आणि माणसाला बिचकत नाही. असा प्राणी कुणाच्या गोठ्याजवळ सोडायचा, हे मेसेजने सांगावं. अगदी रानटी, धडधाकट बिबट्याही कुठेही नेऊन सोडता येत नाही. जुन्नर भागात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडले, तेव्हा सोडलेल्या ठिकाणांजवळ माणसांवरचे हल्ले वाढल्याचं विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या 2009 मध्ये माळशेज घाटात सोडला, तर तो शंभर किलोमीटरहून जास्त चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्याने वाटेत कुणाला इजा केली नाही, हे त्याचं शहाणपण. विहिरीत पडलेला, न दुखावलेला बिबट्या बाहेर काढून जवळच्याच रानात जाऊ द्यावा, हे बरोबरच आहे. पण ते मोकळ्या जनावराचं झालं.

‘तुरुंग’ या शब्दावर मी फार भांडणार नाही. राणीच्या बागेत 2016 मध्ये दक्षिण कोरियाहून हम्बोल्ट पेंग्विन आणले. त्याने भारतातल्या कोणत्या जातीचं भलं झालं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. तेवढ्या खटाटोपात खवले मांजराचं किती काम झालं असतं! सिंधुदुर्गात माणगाव खोऱ्यातले तीन रानटी हत्ती 2015 मध्ये पकडून आंबेरीच्या तळावर ठेवले, त्यातले दोन तिथेच मेले. बंदिवास फुकट नसतो. पण 1992 मध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण आल्यापासून मान्यतेशिवाय झू चालवता येत नाही, आणि जनावराला चिडवणं किंवा खाऊ घालणं हा कायद्याने गुन्हा आहे. काचेवर वेफर्सचं पाकीट आपटणारे मात्र आपल्यातलेच असतात.

राहिला जखमी बिबट्याचा टोमणा. बचाव केंद्र ही वेगळी सोय आहे. कायद्याने ती प्राणीसंग्रहालयाच्याच व्याख्येत येते, पण ती प्रदर्शनासाठी नसते. जुन्नरजवळच्या माणिकडोहला असे बिबटे राहतात. डहाणूला जाळ्यात अडकून जखमी झालेल्या समुद्री कासवांवर उपचार होतात, बरी झाली की ती समुद्रात जातात. एखाद्या बिबट्याचा पुढचा पायच गेला असेल तर तो रानात जात नाही, केंद्रातच राहतो. झू बंद करा म्हणणाऱ्याने त्याचं काय करायचं, तेही लिहावं.

आणि आपल्याकडे बिबट्याचा पाय जातो तो बहुतेक वेळा फासकीने. रानडुकरासाठी बागेच्या कडेला क्लचवायरची फासकी लावतात, बिबट्या कमरेला किंवा पायाला अडकतो, सुटायला झटतो तशी तार आत रुतत जाते. वरून ठीक दिसणारा प्राणी आतून फाटलेला असतो, म्हणून लगेच सोडता येत नाही. ही फासकी वनखातं लावत नाही, प्राणीसंग्रहालयही लावत नाही. कुठे दिसली तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. मेसेज पुढे ढकलायला लागतो त्याहून फार वेळ लागत नाही.