काका, पाणी आम्हीही तोडून पाहिलं

काका (वय ७२ असं तुम्हीच लिहिलंयत, म्हणून काका),

माझ्या सासऱ्यांना, आप्पांना, पार्किन्सन्स (मेंदूतल्या बिघाडाने हालचाली मंदावणारा, अंग ताठणारा आजार) आहे. त्यांच्या रात्री लघवीला उठण्यावर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. म्हणणं असं, की साठीनंतर पुरुषाला प्रोस्टेटचा त्रास व्हायचाच, त्यात पार्किन्सन्सला कशाला गोवता. संध्याकाळी पाचनंतर पाणी तोडा, रात्रीचं उठणं थांबेल. आणि सुनेने सासऱ्याच्या लघवीबद्दल चारचौघांत लिहिणं शोभत नाही.

आधी पाण्याचं, कारण तिथे मी स्वतः चुकलेय. गेल्या उन्हाळ्यात पाच वाजले की आप्पांचा तांब्या मीच उचलून ठेवायचे. धास्तीने त्यांनी दुपारचं पाणीही कमी केलं. आठवड्यात पोट कडक झालं, कॉटवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. बद्धकोष्ठ आणि उभं राहताच रक्तदाब घसरणं, या आजारात दोन्ही पुष्कळांना असतंच. पाणी कमी पडलं की आणखी वाढतं. एका रात्री आप्पा मोरीच्या कठड्याशी पडले. तेव्हा तांब्या जागेवर गेला. आता दिवसभर नीट पाणी, चारनंतर चहा नाही, सातनंतर गोळीपुरता घोट.

प्रोस्टेटबाबत तुमचं अर्धं बरोबर. तो तपासायलाच हवा, आणि आप्पांची सोनोग्राफी झाली होती हे मी लिहायला हवं होतं. पण पार्किन्सन्स असलेल्या बायकाही रात्री चार-चारदा उठतात, त्यांना कुठला प्रोस्टेट? लघवीची पिशवी भरत असताना ‘थांब जरा’ म्हणून मेंदू तिला आवरून धरतो, आणि त्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा हात असतो. पार्किन्सन्समध्ये तेच कमी होतं, मग थोड्याशा लघवीलाही पिशवी आवळते. हे न तपासता थेट प्रोस्टेटचं ऑपरेशन केलं तर घाई तशीच राहू शकते, कधी वर लघवी गळणंही मागे लागतं.

आम्हाला खरं कळलं ते मोजल्यावर. डॉक्टरांनी तीन दिवस वही ठेवायला सांगितली. मापाचा प्लास्टिकचा जग मोरीत, पेन्सिल दोरीने खिळ्याला. चोवीस तासांची लघवी साधारण १७०० मिली, त्यातली ९०० रात्रीची! या वयात रात्रीचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला तर पिशवीइतकंच रात्री तयार होणाऱ्या लघवीकडे बघावं लागतं. आप्पा दिवसभर गॅलरीत खुर्चीवर. संध्याकाळी पायमोज्याचं इलॅस्टिक घोट्यावर असं रुतलेलं असायचं की बोट फिरवलं तर खाच लागे. पायांत उतरलेलं ते पाणी आडवं झालं की रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते रात्रभर बाहेर टाकत बसतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात. आप्पांची डॉक्टरांनी बदलली. दुपारी दोन तास पाय लोडावर. झोपताना लेव्होडोपाची (डोपामिनची कमतरता भरून काढणारं औषध) हळूहळू सुटणारी गोळी, कारण अंग ताठून कूस बदलता येत नाही म्हणूनही जाग येते, आणि जाग आली की माणूस जातोच.

पिशवी शांत करणाऱ्या काही जुन्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो, म्हणून मेडिकलवाल्याला विचारून काही घेऊ नका.

आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. रात्री तिथवर नेणं शक्यच नाही, म्हणून कॉटच्या उजव्या हाताला पॉट. मोरीच्या कठड्याशी आप्पांचे पाय या आजाराने जमिनीला चिकटल्यासारखे अडायचे, तिथे लादीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्यात. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो.

राहिलं शोभण्याचं. तो लेख टाकण्याआधी आप्पांनी चष्मा लावून वाचला होता. मी ‘चार वेळा’ लिहिलं होतं, त्यांनीच खोडून ‘पाच’ केलं. सध्या दोनवर आलेत. पहाटेचं तिसरं उठणं मोजू देत नाहीत. म्हणतात, “ते मी नळाला पाणी येतं म्हणून उठतो.”