तीताचं पत्र आणि आजीची पाटी : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बाळंतपणाच्या रजेनंतर मी पुन्हा शाळेत शिकवायला रुजू झाले, त्यावरचा माझा लेख तुम्हाला खटकला. बायबलमधलं, प्रेषित पौलाने तीताला लिहिलेल्या पत्रातलं (2:5) वचन तुम्ही दिलंत: तरुण स्त्रियांनी ‘घरचे काम पाहणाऱ्या’ असावं. ते सोडून ख्रिस्ती आई पगारामागे धावते आणि लेकरू दुसऱ्याच्या हाती देते, असं तुमचं म्हणणं. शेवटी विचारलंत, ‘तुमच्या बाळाला कोण सांभाळतं?’

तुम्ही वचन समोर ठेवलंत, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते. पौल घरकामाची बाजू घेतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कोण असतं, हे त्याने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (5:13) कळतं. रिकाम्या बसणाऱ्या, घरोघर फिरून लुडबुड करणाऱ्या स्त्रिया. त्याची तक्रार आळसाबद्दल आहे, कष्टाबद्दल नाही. फिलिप्पैत त्याला लुदिया भेटली, थुवतीराची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. तिचा आणि तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा झाला, पौल तिच्याच घरी उतरला. धंदा बंद कर, असं त्याने तिला सांगितल्याचं बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कुठेही नाही. करिंथात तर प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विला यांच्याबरोबर तो स्वतः तंबू शिवायला बसला. आणि नीतिसूत्रांच्या 31व्या अध्यायातली ती सद्गुणी स्त्री शेत पारखून विकत घेते, कमाईतून द्राक्षमळा लावते, वस्त्रं विणून विकते. रात्री तिचा दिवा मालवत नाही.

तो दिवा मी पाहिलाय. आम्ही वसईचे. माझी आजी पहाटे तीनला कंदील घेऊन वाडीत जायची, कागड्याच्या कळ्या खुडायची. ओल्या फडक्यात बांधून पाटीत भरायची, वर केळीचं पान. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाटी, आणि पहिल्या गाडीच्या मालडब्यातून दादर. बाजार उरकून घरी आली की चूल पेटवायची. मला आठवतात ती तिची बोटं, कळ्यांच्या देठांनी हिरवी झालेली, संध्याकाळी त्याच बोटांत रोझरीचे मणी. ती घरी नसताना माझ्या आईला शेजारची बाय बघायची. आजीला कुणी तीताचं पत्र वाचून दाखवलं नाही. गावातल्या निम्म्या बाया तशाच जात होत्या, त्याला कुणी ‘बाहेर काम करणं’ म्हणतच नव्हतं. तिची नात पर्स आणि ओळखपत्र घेऊन निघाली तेव्हा हे वचन निघालं. याचं मला मनापासून दुःख होतं, दादा.

आमच्या कॅथलिक चर्चचं म्हणाल, तर 1891 सालच्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात पोप तेरावे लिओ यांनी स्त्री स्वभावतःच घरकामासाठी योग्य आहे असं लिहिलं होतं, हे मी लपवत नाही. पण 1981 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी कामाची रचनाच अशी हवी असं मांडलं, की पुढे जाण्यासाठी स्त्रीला कुटुंबाची किंमत मोजावी लागू नये. इथे तुमची काळजी आणि माझी काळजी एकच आहे. पोटासाठी नाइलाजाने तान्हं बाळ टाकून कामावर जावं लागणं, हा त्या आईवर अन्यायच. पण तो दूर करायला पगारी रजा हवी, कामाच्या जागी पाळणाघर हवं. तिला घरी बसवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विधवांना, दुष्काळातल्या मुलींना विणकाम शिकवलं, छापखाना चालवायला शिकवलं. रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबलचं भाषांतर त्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापलं गेलं. स्वतःच्या कष्टाचं खाणं हा त्या बायकांच्या विश्वासाचाच भाग होता.

आता तुमचा प्रश्न. दुपारी अडीचपर्यंत बाळ माझ्या सासूबाईंजवळ असतं. नवऱ्याची सकाळची पाळी असते, तो अडीचला येतो, बाळाला आंघोळ घालतो, भरवतो, खांद्यावर टाकून झोपवतो. मी साडेपाचला पोचते. तो कामावर जातो म्हणून बाळाला कोण सांभाळतं, हे त्याला आजवर कुणीच विचारलेलं नाही. तुम्ही विचारलंत तर तो आनंदाने सांगेल.