प्रेबलचा उंदीर ‘नव्हताच’, असं म्हणण्याआधी

अमेरिकेतल्या ‘प्रेबलचा उंदीर’ नावाच्या एका उंदराची गोष्ट मला आजवर तीनदा फॉरवर्ड होऊन आली. शेवटच्या वेळी ती एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवली आणि खाली विचारलं, ‘मॅडम, हे खरं का?’ मजकूर थोडक्यात असा: ‘कोलोरॅडोमध्ये शास्त्रज्ञांनी तीन कवट्या पाहून एक उंदीर वेगळा ठरवला. त्याच्यापायी घरं, रस्ते, पाण्याच्या योजना अडल्या. मग डीएनए चाचणी झाली आणि असा उंदीर मुळात नाहीच, असं निघालं. नाव देणाऱ्यानेही ते मान्य केलं. तरी सरकार हटायला तयार नाही.’

यात खरं थोडं आहे आणि अर्धवट बरंच आहे. तो मजकूर लोकांना पटतो तो या अर्धवटपणामुळेच. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

‘असा उंदीर मुळात नाहीच.’ उंदीर आहे. रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी, कोलोरॅडोच्या फ्रंट रेंज या डोंगररांगेपासून आग्नेय वायोमिंगपर्यंत, ओढ्याकाठच्या दाट गवतात आणि झुडपांत तो राहतो. शेपटी अंगापेक्षा लांब, मागचे पाय मोठे, दचकला की लांब उडी. वर्षातला निम्म्याहून अधिक काळ तो जमिनीखाली शीतनिद्रेत काढतो. अमेरिकेत अशा उंदरांना ‘जंपिंग माऊस’ म्हणतात आणि त्यांच्या मुख्य वंशाचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव झेपस. वाद प्राण्याच्या असण्याचा कधीच नव्हता, नावाचा होता: झेपस हडसोनियस या जातीची ‘प्रेब्लाय’ ही वेगळी उपजाती मानायची की ब्लॅक हिल्स या डोंगराळ भागाकडच्या ‘कँपेस्ट्रिस’ या उपजातीतच तिला धरायचं? ‘हे नाव रद्द करा’ आणि ‘हा प्राणी नाही’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

‘तीन कवट्यांवर सगळं उभं केलं.’ हा मुद्दा मी बराचसा मान्य करते. या उंदरांचं पहिलं मोठं वर्गीकरण एडवर्ड प्रेबल यांनी १८९९ मध्ये केलं. पुढे १९५४ मध्ये कॅन्सस विद्यापीठात फिलिप क्रुट्झ यांनी संपूर्ण वंश पुन्हा तपासला, फ्रंट रेंजचा उंदीर वेगळा काढला आणि त्याला प्रेबल यांचं नाव दिलं. त्यांच्या हाताशी नमुने फारच कमी होते. पूर्ण वाढलेल्या कवट्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि अंगाचा रंग, कवटीची मापं असे फरक त्यांनी नोंदवले. त्या काळी उपजाती अशाच ठरत. तेव्हाच्या पक्षीशास्त्रात ‘७५ टक्क्यांचा नियम’ चर्चेत होता: एका गटातले निदान ७५ टक्के प्राणी दुसऱ्या गटाहून वेगळे ओळखता आले, तर उपजाती मानावी. मूठभर कवट्यांवर हा नियम नीट लावताच येत नाही.

पण पाया कच्चा आहे याचा अर्थ निष्कर्ष खोटा, असा होत नाही. तो तपासायचा राहिला आहे, एवढाच होतो. नाव देणाऱ्या क्रुट्झ यांनीही नंतर, ही उपजाती वेगळी नाही असं म्हणणाऱ्या रॉब रॉय रेमी या संशोधकाच्या बाजूने मत दिलं, अशा बातम्या आल्या होत्या. तरीही नाव देणारा माणूस त्या प्राण्याचा मालक नसतो. एकदा नाव छापून आलं की त्याचं मतही इतरांच्या मतांसारखंच एक मत. प्रश्न पुराव्यानेच सुटायचा.

‘डीएनए चाचणीने निकाल लावला.’ सगळा गोंधळ या एका वाक्यात आहे. ‘चाचणी’ हा शब्द वाचून रक्ताच्या रिपोर्टसारखं हो किंवा नाही असं काही डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात चाचण्या अनेक झाल्या आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत.

पहिली रॉब रॉय रेमी यांची. ते तेव्हा कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या निसर्ग आणि विज्ञान संग्रहालयात होते. २००३ च्या शेवटी त्यांचा अहवाल आला आणि २००५ मध्ये तो ‘ॲनिमल कॉन्झर्व्हेशन’ या नियतकालिकात छापला गेला. त्यांनी कवट्या मोजल्या, मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या डीएनएचा ३४६ अक्षरांचा तुकडा वाचला आणि पेशीकेंद्रातल्या डीएनएमधल्या पाच जागा तपासल्या. या जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. तिथे एकच छोटा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि किती वेळा येतो ते दर प्राण्यात बदलतं. प्रेब्लायचे काही मायटोकॉन्ड्रियाचे नमुने कँपेस्ट्रिसच्या नमुन्यांशी हुबेहूब जुळले, म्हणून दोन्ही एकच, असा निष्कर्ष निघाला. फेब्रुवारी २००५ मध्ये अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या वन्यजीवविषयक सरकारी संस्थेने या उंदराचं १९९८ पासूनचं कायदेशीर संरक्षण काढण्याचा प्रस्ताव मांडला. फॉरवर्डमधली गोष्ट इथेच संपते.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणातल्या टिम किंग आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न पुन्हा घेतला. त्यांनी ३४८ नमुने, मायटोकॉन्ड्रियाची सुमारे १,३८० अक्षरं आणि २१ मायक्रोसॅटेलाइट तपासले. २००६ मध्ये ‘मॉलिक्युलर इकॉलॉजी’त आलेल्या निकालात प्रेब्लाय आणि कँपेस्ट्रिस यांच्यात मायटोकॉन्ड्रियाचा एकही सामायिक प्रकार सापडला नाही. मग रेमींना तो कसा सापडला? किंग यांच्या गटाने रेमींनी वापरलेलेच संग्रहालयातले काही नमुने पुन्हा वाचून पाहिले. जे नमुने जुळतात म्हणून सांगितलं होतं, ते जुळेनात. जुन्या वाळलेल्या कातड्यांत डीएनए अगदी थोडा आणि तुटका उरतो. शेजारच्या नळीतला कणभर मिसळला किंवा चिठ्ठी बदलली, तर यंत्र बिनतक्रार चुकीचं उत्तर देतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही एक गोष्ट नेहमी सांगते, कारण प्रयोगशाळेत काम केलेल्या प्रत्येकाने असा दिवस पाहिलेला असतो. रेमींवर अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवायचा नाही. एका कच्च्या वर्गीकरणाला हात घालायचं धाडस त्यांनी केलं, त्याबद्दल मला आदरच आहे.

दोन निकाल समोरासमोर उभे राहिले तेव्हा पोर्टलंडच्या सस्टेनेबल इकोसिस्टम्स इन्स्टिट्यूटने बाहेरच्या तज्ज्ञांचं मंडळ बसवलं. मंडळाने दोघांचे मूळ आकडे तपासले आणि २००६ च्या उन्हाळ्यात सांगितलं, की प्रेब्लायला कँपेस्ट्रिसमध्ये विलीन करायला पुरावा पुरत नाही. रेमींच्याच मायक्रोसॅटेलाइटच्या आकड्यांत दोन गट वेगळे पडतात, हेही फेरतपासणीत दिसलं.

इथे कसोटीबद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी. गटागटांमधला फरक गटाच्या आतल्या फरकापेक्षा मोठा असावा, अशी अपेक्षा रेमींनी ठेवली होती. ऐकायला ती रास्त वाटते. पण हिमयुगानंतर, म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबात परवा-परवा वेगळे झालेले गट या चाळणीतून सहसा पार होत नाहीत. दोन भावांची घरं वेगळी होऊन एक पिढी झाली असेल, तर चेहऱ्यावरून ती वेगळी ओळखता येणार नाहीत. तरीही घरं वेगळीच असतात. उपजाती ही बहुधा अशी नुकती वेगळी झालेली शाखा असते.

‘नंतरच्या संशोधनानेही हा उंदीर खोटा ठरवला.’ हा दावा मी सर्वांत गंभीरपणे घेते, कारण मागे खरा अभ्यास आहे. २०१३ मध्ये जेसन मलेनी आणि जोसेफ कुक यांनी अधिक जनुकं घेऊन या जातीचा भूगोल आणि इतिहास मांडला. त्यात प्रेब्लाय हे उत्तरेकडे दूरवर पसरलेल्या एका मोठ्या वंशरेषेचं दक्षिण टोक दिसतं आणि त्याचं वेगळेपण उथळ ठरतं. ज्याला प्रेब्लायविरुद्ध बोलायचं आहे, त्याने तीन कवट्या सोडून या अभ्यासावर बोलावं. माझं उत्तर असं: किंग यांनी शेजारच्या उपजातींशी जनुकांची देवाणघेवाण चालू आहे का, हे पाहिलं, तर मलेनी आणि कुक यांनी फांदी किती जुनी आहे, हे मोजलं. फांदी कोवळी असूनही आज तुटलेली असू शकते. मधल्या कोरड्या गवताळ मैदानात ओढ्याकाठच्या प्राण्याला जायला वाट नाही, हे वंशवृक्ष पाहून कळत नाही, नकाशा पाहून कळतं.

आणि जनुकशास्त्र नेहमी नावं पुसतंच, हाही गैरसमज. याच वंशातला न्यू मेक्सिकोचा उंदीर पाहा. प्राणीशास्त्रज्ञ मिलर यांनी १९११ मध्ये त्याला झेपस ल्युटियस ही स्वतंत्र जाती म्हणून नाव दिलं. क्रुट्झ यांनी १९५४ मध्ये त्याला झेपस प्रिन्सेप्स या दुसऱ्या जातीची उपजाती केलं. १९८१ मध्ये प्रथिनांच्या अभ्यासावरून तो हडसोनियसखाली आला. २०१७ मध्ये मलेनी, डेंबोस्की आणि कुक यांनी अनेक प्रकारचे पुरावे एकत्र करून त्याला पुन्हा स्वतंत्र जातीचा दर्जा द्यावा, असं मांडलं. शतकभर फिरून तो मूळ जागी आला. दरम्यान, २०१४ मध्ये, तो संकटग्रस्त यादीत गेला होता. म्हणजे नाव ठरेपर्यंत संरक्षण थांबलं नाही.

‘उपजातीच ना, मग काय बिघडलं? हे उंदीर तर खंडभर आहेत.’ हडसोनियस अलास्कापासून अटलांटिक किनाऱ्यापर्यंत आहे, हे खरं. पण अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त जाती कायद्यात ‘जाती’ या शब्दाच्या व्याख्येतच उपजाती येतात, आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे वेगळे पडलेले समूहही येतात. उद्या प्रेब्लाय हे नाव गेलं, तरी फ्रंट रेंजचा समूह म्हणून विचार करायला कायद्यात जागा आहे. डेन्व्हरच्या आसपास वस्ती वाढते आहे, ओढे सरळ केले जातात, काठावर चराई होते. अलास्कात उंदीर मुबलक आहेत म्हणून या काठांवर ते परत येणार नाहीत.

‘सरकार हट्टाला पेटलंय.’ घटनाक्रम पाहा. मे १९९८ मध्ये संरक्षण मिळालं. २००५ मध्ये ते काढायचा प्रस्ताव आला. २००७ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्यातल्या अधिकारी ज्युली मॅकडॉनल्ड यांनी राजीनामा दिल्यानंतर त्यांचा हस्तक्षेप झाल्याची शंका असलेले निर्णय फेरतपासणीला घेतले गेले आणि त्यांत हा उंदीरही होता. २००८ मध्ये वायोमिंगपुरतं संरक्षण काढलं, कोलोरॅडोत ठेवलं. २०११ मध्ये वायोमिंगमध्ये ते परत लागू झालं. हट्टी माणूस इतक्या वेळा भूमिका बदलत नाही.

त्या विद्यार्थ्याला मी एवढंच लिहिलं: पुढे पाठवायचंच असेल तर खाली किंग यांचं २००६ आणि वायोमिंगचं २०११ ही दोन वर्षं जोड, मलेनी आणि कुक यांचं २०१३ ही जोड, आणि ‘नाहीच’ हा शब्द काढून टाक.